शाळेकडून कामाकडे : साहाय्याच्या पायऱ्या आणि ग्रामशिक्षकाचे कर्तव्य

१. प्रश्नाचे स्वरूप

सातवीच्या किंवा आठवीच्या वर्गातून बाहेर पडलेले मूल पुढे कोठे गेले, हा प्रश्न शाळेच्या दप्तरात सहसा विचारला जात नाही. दाखला दिला, दाखलखारीज रजिस्टरात नोंद केली, म्हणजे आपले काम संपले असे मानण्याचा प्रघात पडून गेला आहे. वस्तुतः मुलाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड वाटचाल त्याच दिवशी सुरू होते. एका बाजूस शाळेचे शिस्तबद्ध जीवन आणि दुसऱ्या बाजूस पोटापाण्याचा उद्योग, या दोहोंमधील चारपाच वर्षांत त्याच्या पुढील चाळीस वर्षांचा निकाल लागतो.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. कारण एकाच जिल्ह्यात दोन निरनिराळी जगे शेजारी शेजारी नांदत आहेत. नाशिकरोड येथे १९२५ पासून भारत प्रतिभूती मुद्रणालय चालू आहे. १९६४ मध्ये ओझर येथे विमानांचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर सातपूर, अंबड, सिन्नर या ठिकाणी कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. निफाड व दिंडोरीच्या काळ्या जमिनीत द्राक्षबागा पसरल्या आहेत. दुसरीकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी व कळवण या तालुक्यांच्या डोंगराळ भागात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर व कातकरी कुटुंबे पावसाच्या पाण्यावर भात व नागली पिकवितात आणि पीक निघाल्यावर मजुरीसाठी खाली उतरतात. सुरगाण्याहून ओझरचा कारखाना एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहे. तथापि सुरगाण्यातील मुलाला द्राक्षबागेतील मजुरीपर्यंत जाणारी वाट पाठ असते, आणि कारखान्यातील यंत्रापर्यंत जाणारी वाट कोणी दाखविलेलीच नसते.

या दोन वाटांमधील फरक मुलाच्या बुद्धीवर अवलंबून असतो असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. कोणत्या वयापर्यंत कोणते साहाय्य मिळते, ते कोठे थांबते, आणि एक साहाय्य संपल्यावर दुसरे ताबडतोब हाती येते की नाही, यावर तो फरक फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. म्हणून समाजकल्याणाची व्यवस्था हा विषय कचेरीपुरता नसून वर्गाचाही आहे.

२. घरातील हिशेब

मूल चौदा वर्षांचे झाले की खेड्यातील पालक म्हणतात, "गुरुजी, पोरगा आता हाताशी आला." या वाक्यात शाळेविषयी अनादर नाही, त्यात एक हिशेब आहे. मुलाने शाळेत राहावयाचे म्हणजे घराने त्याची मजुरी सोडावयाची, माध्यमिक शाळा दूर असल्यास जाण्यायेण्याचा किंवा राहण्याचा खर्च करावयाचा, कपडे व वह्या पुरवावयाच्या. आणि या सर्वांचे फळ कधी व कसे मिळेल याची कोणी शाश्वती देत नाही. मजुरीचे पैसे मात्र आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हातात पडतात. हातातोंडाची गाठ पडण्याची भ्रांत असलेल्या घरात हा हिशेब शाळेविरुद्ध गेला, तर त्यात नवल नाही.

शिष्यवृत्ती, वसतिगृह, शालेय भोजन, प्रवासाची सवलत, रोजगाराची हमी या सर्वांचे खरे कार्य हेच की, त्या घराच्या हिशेबात शाळेची बाजू जड करतात. त्या केवळ दानधर्म नव्हेत. १९९२ मध्ये महाराष्ट्रात दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्यास प्रारंभ झाला. रक्कम लहान होती. परंतु मुलगी घरी राहिल्यास घराचे काही नुकसान होते, ही कल्पना तिच्यामुळे प्रथमच अनेक घरांत शिरली. साहाय्य कशास जोडले आहे, यावरून कुटुंब काय करील हे ठरते, याचे हे साधे उदाहरण होय.

३. या भूमीतील परंपरा

हा विचार आपल्याकडे परदेशातून आलेला नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांचा पाया घातला. गरिबाच्या मुलाला शाळा उघडी असून भागत नाही, शहरात त्याला निवारा व अन्न मिळाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. नाशिक येथे १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे कार्य सुरू झाले, त्याचाही आरंभ उदोजी मराठा वसतिगृहापासूनच झाला. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे 'कमवा व शिका' ही पद्धती रूढ केली. शिकण्यासाठी काम थांबवावे लागू नये व कामासाठी शिक्षण सोडावे लागू नये, हा तिचा अर्थ होता. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींच्या मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. पेठ-सुरगाण्याच्या डांगी प्रदेशात दादासाहेब बिडकर यांनी स्वातंत्र्यापूर्वीच डांग सेवा मंडळाच्या द्वारे आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले.

राज्यसत्तेची पावले त्यानंतर पडत गेली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून मिळू लागली. साठच्या दशकाच्या प्रारंभी, ज्यांचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी अशा पालकांच्या मुलांना महाराष्ट्रात फी माफ झाली आणि खेड्यातील हजारो मुलांना माध्यमिक शाळेची पायरी चढता आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आले. १९७२-७३ पासून आदिवासी क्षेत्रात शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला.

ही मालिका पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक योजना त्या त्या काळी जी पायरी तुटलेली होती ती दुरुस्त करण्यासाठी आली. निवारा नव्हता तेव्हा वसतिगृह आले. फी परवडत नव्हती तेव्हा सवलत आली. परंतु सर्व पायऱ्या मिळून एक सलग जिना व्हावा, ही गोष्ट आपोआप होत नाही.

४. जिन्यातील तुटलेली पायरी

आजची स्थिती वयाच्या क्रमाने मांडून पाहावी.

सहा ते चौदा या वयात मुलाचा हक्क स्पष्ट आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे आहे. शाळेत भोजन मिळते, पाठ्यपुस्तके मिळतात. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा होऊन चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. शाळेच्या वेळेबाहेर स्वतःच्या कुटुंबास मदत करण्यासारखे थोडेच अपवाद राहिले. म्हणजे या वयात शाळेचे दार उघडे आहे आणि मजुरीचे दार निदान कायद्याने बंद आहे.

अठरा वर्षांनंतरही काही दारे आहेत. रोजगार हमीचे काम मागता येते. नोकरीसाठी अर्ज करता येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यात बारावी उत्तीर्णास दरमहा ६००० रुपये, औद्योगिक प्रशिक्षण किंवा पदविका घेतलेल्यास ८००० रुपये व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, अठरा वर्षांचे वय पुरेसे नाही. निदान बारावी उत्तीर्ण असावे लागते. ज्याने आठवीनंतर शाळा सोडली त्याला हे दार वय झाले तरी उघडत नाही.

प्रश्न आहे तो चौदा ते अठरा या चार वर्षांचा. सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा संपलेली असते. कायद्याने धोक्याची कामे वर्ज्य असतात. परंतु इतर मजुरीस बंदी नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळू शकतो. तथापि बहुतेक व्यवसायांसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि आठवी उत्तीर्णास संधाता, तारतंत्री, शिवणकाम असे थोडे व्यवसाय खुले असतात. रोजगार हमी अद्याप चार वर्षे दूर असते. मुलीच्या बाबतीत तर याच काळात घरात लग्नाचा विषय निघतो. अठरा वर्षांपूर्वीचा विवाह २००६ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे. तरीही शाळा सुटलेली मुलगी घरात बसली की तो धोका वाढतो, हे प्रत्येक शिक्षकास अनुभवाने ठाऊक आहे.

या चार वर्षांत साहाय्य मुळीच नाही असे नाही. आश्रमशाळा व शासकीय वसतिगृहे आहेत. नववी-दहावीच्या अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१२ पासून केंद्र शासनाची शिष्यवृत्ती आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती २००८ पासून चालू असून तिची परीक्षा आठवीतच होते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पालक वारलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. परंतु यांपैकी एकही गोष्ट आपण होऊन मुलाच्या घरी चालत येत नाही. ती मागावी लागते, वेळेवर मागावी लागते आणि कागदपत्रांसह मागावी लागते. सहा ते चौदा वयात शाळा मुलाला शोधीत जाते. चौदानंतर मुलाने साहाय्याला शोधीत जावे अशी अपेक्षा केली जाते. हीच तुटलेली पायरी होय.

५. पालकांचे काम आणि मुलाची शाळा

मुलाची वाटचाल केवळ मुलासाठी असलेल्या योजनांवर अवलंबून नसते. पालकांना गावात काम मिळते की नाही, यावरही ती ठरते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याचे उत्तम उदाहरण आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ मध्ये, दुष्काळाच्या तोंडावर, राज्यभर हाती घेण्यात आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये केंद्राने याच तत्त्वावर ग्रामीण कुटुंबास वर्षात १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला.

या योजनेचा उद्देश शिक्षणाचा नव्हता. तरीही पाझर तलावाचे किंवा रस्त्याचे काम गावाजवळ निघाले की आईबाप गावात राहतात, आणि आईबाप गावात राहिले की मूल शाळेत राहते. काम निघाले नाही तर कुटुंब बिऱ्हाड घेऊन बाहेर पडते. द्राक्षांची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते, जानेवारी ते एप्रिल काढणी चालते आणि पाठोपाठ खरड छाटणी येते. उसाची तोडणीही दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते. म्हणजे स्थलांतराचा हंगाम व शाळेचे दुसरे सत्र बरोबर एकमेकांवर येतात. असे दोन-तीन हंगाम मुलाने गमावले की आठवीच्या पटावर नाव असूनही त्याला पाचवीचे गणित येत नाही. आणि मग 'याचे शिक्षणात लक्ष नाही' असा शेरा त्याच्या कपाळी येतो.

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. कुटुंब गेले तरी मूल गावात, भोजनासह, राहू शकते. जे मूल जातेच, त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे असते, म्हणजे ज्या गावी बिऱ्हाड पडेल तेथील शाळेस त्याची इयत्ता व प्रगती कळते. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलास मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावयाचा असतो, आणि दाखला आला नाही या कारणास्तव नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. पाठविणारा शिक्षक सुरगाण्यात असेल आणि स्वीकारणारा निफाडात. परंतु दोघेही एकाच जिल्हा परिषदेचे सेवक आहेत. त्यांच्यामध्ये एक पत्र किंवा एक दूरध्वनी झाला तर मुलाचे अर्धे वर्ष वाचते.

६. इतर देशांनी काय केले

शाळा संपणे आणि काम मिळणे यांमधील पोकळी हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. औद्योगिक देशांनाही तो सोडवावा लागला. त्यांपैकी दोघांची पद्धती तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे.

इंग्लंडने शाळेत राहण्याचे वय वाढवीत नेण्याचा मार्ग घेतला. १९४४ च्या कायद्यान्वये १९४७ पासून ते वय पंधरा झाले, १९७२ मध्ये सोळा झाले, आणि २०१५ पासून इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत प्रत्येकाने शाळेत, प्रशिक्षणात किंवा शिक्षणाची जोड असलेल्या कामात असावे असा नियम झाला.

जर्मनीने दुसरी पद्धती पत्करली. तेथे कारागिरीची उमेदवारी पूर्वापार चालत आलेली होती. १९६९ च्या कायद्याने तिला एकसूत्री रूप मिळाले. शिकाऊ मुलगा आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात काम शिकतो व एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. त्याचा लेखी करार होतो, त्याला वेतन मिळते आणि शेवटी सर्वत्र मान्य असे प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे शाळेतून कामात जाणे हे दरी ओलांडणे न राहता पूल ओलांडणे ठरते. या पद्धतीस एक उणी बाजूही आहे. बहुतेक जर्मन प्रांतांत चौथ्या इयत्तेनंतरच मुलांची निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते, आणि गरीब घरातील मूल फार लवकर एका वाटेला लागते.

आपल्याकडे जर्मन पद्धतीशी जुळणारी व्यवस्था आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. कारागीर प्रशिक्षण योजनेखाली १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला. त्यान्वये ठरावीक आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत व त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे. जोडारी, कातारी, वीजतंत्री, संधाता हे व्यवसाय शिकलेला मुलगा संस्थेतून कारखान्यात उमेदवार म्हणून जातो. आश्रमशाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, उमेदवारी व नोकरी असा हा सलग रस्ता नाशिक जिल्ह्यातच आहे. त्याच्या आरंभी पाटी लावणारा कोणी पाहिजे.

७. दाखलखारीज रजिस्टराचे मोल

योजना व मूल यांच्यामध्ये कागद उभा असतो. जन्मतारखेचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार व बँकेचे खाते यांपैकी एकही कागद सदोष असला तर अर्ज अडतो. यातील बहुतेक कागदांचे मूळ प्राथमिक शाळेत असते.

जातीच्या प्रमाणपत्राचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. ज्या घराकडे जमिनीचा उतारा नाही, घराचे खरेदीखत नाही, त्या घराकडे असा पुरावा कोठून येणार? तो गावच्या शाळेतील जुन्या रजिस्टरात असतो. आजोबा कधी काळी दोन इयत्ता शिकले, तेव्हा एका गुरुजींनी त्यांचे नाव, गाव व जात लिहून ठेवली. त्या एका ओळीवर आज नातवाचे वसतिगृह, शिष्यवृत्ती व राखीव जागा अवलंबून असतात. रजिस्टर वाळवीने खाल्ले किंवा ओलीने कुजले, तर एका घराचा नव्हे, अख्ख्या पाड्याचा पुरावा नष्ट होतो.

याचप्रमाणे आज केलेली नोंद पुढील पिढीचा पुरावा ठरणार आहे. नाव शाळेत एक, आधारपत्रावर दुसरे. बापाचे नाव एके ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे अर्धे. अंदाजाने घातलेली १ जून ही जन्मतारीख. अशा चुका पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी दोन मिनिटांत टाळता येतात. दहावीनंतर त्याच दुरुस्तीसाठी पालकास मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी अनेक खेपा घालाव्या लागतात, आणि तोवर प्रवेशाची मुदत निघून जाते. घाईने लिहिलेली एक ओळ एखाद्या मुलाचे वर्ष गिळू शकते.

८. एक सावधगिरी

मूल गरीब आहे म्हणून त्याला हत्यार द्यावे आणि सधन आहे म्हणून पुस्तक द्यावे, अशी वाटणी करण्याचा अधिकार शिक्षकास नाही. औद्योगिक प्रशिक्षण हा एक चांगला मार्ग आहे. तो एकमेव मार्ग नव्हे. शास्त्र शाखेत जाण्याची योग्यता असलेल्या कातकरी मुलीस 'तुला शिवणकाम बरे' असे सांगणे हा अन्याय होय. तसेच हाताच्या कामात रमणाऱ्या मुलाला नापास होऊन होऊन शाळा सोडावयास लावणे हाही अन्यायच. कोणता मार्ग घ्यावयाचा हे मुलाने व पालकांनी ठरवावे. मार्ग किती आहेत, प्रत्येकास किती वर्षे व किती पैसा लागतो आणि कोणते साहाय्य कोठे मिळते, हे शिक्षकाने सांगावे. स्वयंपाक, शेती, घरकाम यांना हीन लेखण्याचेही कारण नाही. आक्षेप कामास नाही. दुसरी वाट ठाऊक नसल्यामुळे एकाच कामात अडकून पडण्यास आहे.

९. वर्षाचा कार्यक्रम

हे सर्व एकट्या शिक्षकाच्या आवाक्यात कसे यावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि काम वर्षभर वाटून घेतल्यास भार फार होत नाही.

जून-जुलै : शाळेतील शेवटच्या इयत्तेतील प्रत्येक मुलामुलीच्या नावाचे एक पान करावे. पालकांचा व्यवसाय, स्थलांतराचे महिने, जवळची माध्यमिक शाळा व तिचे अंतर, उपलब्ध व अनुपलब्ध कागद यांची नोंद त्यावर असावी.

ऑगस्ट-सप्टेंबर : जे कागद नाहीत ते मिळविण्यास प्रारंभ करावा. गावात दाखल्यांचे शिबिर भरणार असेल तर पालकांना आगाऊ कळवावे. आठवीचे वर्ग असलेल्या शाळांनी शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज याच काळात पाहावेत. परीक्षा साधारणतः डिसेंबरात होते.

दसरा ते दिवाळी : स्थलांतर करणाऱ्या घरी स्वतः जावे. मूल मागे राहू शकते का, हे विचारावे. हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करावी. जाणाऱ्या मुलास हमी पत्रक द्यावे.

जानेवारी-फेब्रुवारी : एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस किंवा माध्यमिक शाळेस मुलांची भेट घडवून आणावी. गावातील ज्या मुलीने वा मुलाने पुढील शिक्षण घेतले आहे, त्यास वर्गापुढे बोलते करावे. अनोळखी अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा शेजारच्या पाड्यातील मुलीचे दोन शब्द अधिक परिणाम करतात.

मार्च-एप्रिल : पालकसभा घ्यावी. प्रत्येक घराशी स्वतंत्र बोलावे आणि पुढील शाळा, वसतिगृह व साहाय्य यांची नावे पानावर लिहावीत.

पुढील वर्षाचा जुलै : दाखला दिलेल्या प्रत्येक मुलाचे नाव नव्या शाळेच्या पटावर लागले का, हे त्या शाळेस विचारून खात्री करावी. हे शेवटचे काम सर्वांत लहान आहे, आणि तेच बहुधा राहून जाते.

१०. नमुना पाठ : 'शाळेनंतर काय?'

इयत्ता सातवी किंवा आठवीसाठी दोन तासिकांचा हा पाठ घेता येईल.

उद्देश : शाळा व काम यांमधील निरनिराळ्या वाटा मुलांना कळाव्यात, साहाय्य मागणे हा हक्क आहे, यात लाजण्यासारखे काही नाही, हे त्यांच्या मनावर ठसावे.

पहिली तासिका : मुलांनी आपल्या गावातील दहा कामांची नावे सांगावीत. ती फळ्यावर लिहून प्रत्येकापुढे 'किती शिकावे लागते', 'कोठे शिकावे लागते', 'वर्षातून किती महिने काम असते' अशा तीन रकान्यांत माहिती भरावी. परिचारिका, वीजतंत्री, द्राक्षबागेतील मजूर, ग्रामसेवक, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, शिक्षिका अशी नावे सहज निघतील. तिसरा रकाना भरताना मुले स्वतःच ओळखतील की काही कामे बारमाही आहेत व काही केवळ हंगामी आहेत.

दुसरी तासिका : फळ्यावर एक उभी रेघ काढून तिच्यावर १४, १६, १८ व २० ही वये मांडावीत. एका काल्पनिक मुलीची किंवा मुलाची वाट मुलांनी त्या रेघेवर दाखवावी : कोणत्या वयास कोठे असेल, कोठे राहील, खर्च कोण देईल. जेथे उत्तर सापडत नाही तेथे वर्तुळ काढावे. बहुतेक वर्तुळे १४ व १८ यांच्या दरम्यान पडतील. ती कशी भरता येतील, हा पाठाचा गाभा होय.

गृहपाठ : घरी आजी-आजोबांना विचारून यावे की ते शाळेत किती वर्षे गेले, का सोडली, आणि सोडल्यावर पहिले काम कोणते केले.

११. समारोप

रस्ता शासनाने बांधावयाचा, चालावयाचे मुलाने. परंतु ज्या वळणावर पुष्कळ मुले वाट चुकतात, त्या वळणावर उभा असलेला शेवटचा ओळखीचा माणूस म्हणजे प्राथमिक शिक्षक होय. त्यापुढील प्रत्येक कचेरीत मूल हे अर्जाचा एक क्रमांक असते. येथे मात्र त्याचे घर, त्याचा बाप, त्याची भाकरी कोणती व त्याची बुद्धी कशात चालते, हे सर्व कोणास तरी ठाऊक असते. त्या माहितीचा उपयोग मूल शाळेत असेपर्यंतच करून घेता येतो. म्हणून आठवीच्या पटावर जितकी नावे आहेत तितकी पाने जूनमध्ये उघडावीत, आणि पुढील जुलैपर्यंत एकही पान कोरे राहू देऊ नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातून गेल्या तीन वर्षांत शेवटच्या इयत्तेतून बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत? किती जणांची माहिती शाळेजवळ आहे?
२. आपल्या गावातून कुटुंबे कोणत्या महिन्यांत व कोठे जातात? तेथील कोणत्या शाळेशी संपर्क ठेवता येईल?
३. शाळेतील सर्वांत जुने दाखलखारीज रजिस्टर कोणत्या सालचे आहे? ते कोणत्या स्थितीत आहे, व ते सुरक्षित ठेवण्यासाठी काय करता येईल?
४. मुलींच्या बाबतीत शाळा सुटण्याची कारणे मुलांपेक्षा कशी वेगळी आहेत? त्यांपैकी कोणत्या कारणावर गावातच उपाय होऊ शकेल?